चेंबरच्या पायऱ्या वरून मोजा, खालून नाही

नाशिकमध्ये सध्या जिकडे बघावं तिकडे खड्डा आहे. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय त्यामुळे रस्ते, ड्रेनेज, पाण्याच्या लाईनी सगळं एकदमच निघालंय. या गडबडीत चेंबरच्या (लाईनीवर उतरायला ठेवलेल्या झाकणाच्या खड्ड्याच्या) आतल्या पायऱ्या हा विषय कोणाच्याच यादीत नसतो, ड्रॉईंगवर दोन रेघा मारलेल्या असतात आणि साईटवर मिस्त्रीला सांगितलं जातं की आतून चार-पाच कड्या ठोकून द्या. मिस्त्री खालून सुरू करतो, अंदाजाने ठोकत वर येतो आणि वर पोचल्यावर जे काय अंतर उरेल ते उरेल.

हीच चूक मीही केलीये. पाथर्डी फाट्याकडच्या एका सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी होती, पायऱ्या माझ्याच देखरेखीखाली बसल्या. उतरताना काही जाणवलं नाही, पण काम बघून वर यायला लागलो तर शेवटच्या पायरीवर उभं राहूनही तोंडाची कड मांडीएवढी वर होती आणि हाताने धरायला वर काहीच नव्हतं, नुसता गुळगुळीत स्लॅब. ओले गमबूट, एका हातात टॉर्च, कोपर टेकवून गुडघा वर घ्यायला गेलो तर पाय सटकला आणि मी पोटावर लटकलो. वरच्या पोऱ्याने कॉलर धरून ओढलं म्हणून निघालो. नंतर टेप लावला, वरची पायरी झाकणापासून ७१० मिमी खाली होती. सगळ्या पायऱ्या मजबूत होत्या, एकही हलत नव्हती, तरी माणूस अडकला.

उतरताना सगळेच उतरतात. पायऱ्यांची परीक्षा चढताना होते, माणूस दमलेला, बूट ओले, आत अंधार आणि एक हात अडकलेला. तेव्हा खाली जे लिहिलंय ते सगळं वर येणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय.

आधी एक गोष्ट, वगळू नका

चालू गटारात साफसफाईसाठी माणूस उतरवणं हे २०१३च्या कायद्याने बंद आहे, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केलीये. पायऱ्या छान झाल्या म्हणजे आता माणूस उतरवायला हरकत नाही असा अर्थ कोणी काढू नका, तिथे जेटिंग आणि सक्शन गाडीच. इथे आपण बोलतोय ते नवीन लाईन चालू करण्याआधीची पाहणी, व्हॉल्व्ह चेंबर, मीटर चेंबर, पाण्याच्या टाक्या, पंपाचे खड्डे यांच्याबद्दल.

आणि गॅस मीटर लावल्याशिवाय यातल्या कशातच डोकं घालायचं नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर विषय संपला. "नवीन टाकी आहे, त्यात कुठला गॅस" असं म्हणणारे भेटतात, पण बंद टाकीत ओल्या सेंटरिंगच्या (स्लॅब ओतायला लावलेल्या साच्याच्या) फळ्या कुजत पडल्या की त्या आतला ऑक्सिजन खाऊन टाकतात, सेंटरिंग काढायला उतरलेली माणसं अशीच गेलीयेत. सडक्या अंड्याच्या वासावरही भरवसा नको, सल्फाइडचा गॅस जास्त झाला की नाकाला तो वास येणंच बंद होतं.

टप्पा १: पायऱ्या हव्यात का ते आधी ठरवा

खोली ०.८ मीटरच्या आत असेल तर पायऱ्या लागत नाहीत, उगाच आत टोकं काढून ठेवू नका, बादली आणि पाईप त्यातच अडकतात. त्याच्या वर गेलात की पायऱ्या द्यायच्या.

जिथे वर्षातून एखाद्या वेळेलाच कोणी उतरणार आणि आतली हवा गंज खाणारी आहे तिथे माझं स्पष्ट मत आहे की कायमच्या पायऱ्या देऊच नका, सुटी शिडी वापरा. गंजलेली पायरी ही पायरी नसण्यापेक्षा वाईट, कारण नसेल तर माणूस शिडी मागतो, असेल तर पाय ठेवतो. सहा मीटरपेक्षा खोल असेल तर मधे थांबायला प्लॅटफॉर्म टाका, तिथे नुसत्या पायऱ्यांवर निभावून नेऊ नका, आणि तेवढ्या खोलीचं डिझाईन स्ट्रक्चरल इंजिनियरकडूनच करून घ्या.

टप्पा २: कुठली भिंत? (इथेच अर्धं काम आहे)

पायऱ्या कुठल्या भिंतीला, हे खोदकामाच्या आधी ठरलं पाहिजे कारण त्यावर झाकणाची जागा ठरते. आपल्याकडे उलटं होतं, झाकण स्लॅबच्या बरोबर मधोमध टाकतात कारण ते दिसायला बरं दिसतं, आणि मग पायऱ्या भिंतीला. वर येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर स्लॅबची कड येते, तो मागे झुकतो, आणि मागे झुकला की सगळं वजन हातावर.

ठरवताना हे बघा:

झाकणाच्या तोंडाची कड आणि पायऱ्यांच्या भिंतीचा आतला चेहरा एका ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या रेषेत, आला पाहिजे. म्हणजे तोंड मधोमध नाही, एका बाजूला.

वरती निमुळतं होत जाणारं चेंबर असेल तर चारही बाजूंनी आत घेऊ नका. ९०० वरून ५६० वर यायचं तर चारी बाजूंनी घेतल्यावर प्रत्येक बाजू १७० मिमी आत येते, म्हणजे तुमच्या पायऱ्या वर जाताना माणसाच्या अंगावर येतात, हात बाहेर आणि पाय आत. एक बाजू सरळ ओळंब्यात ठेवा, बाकीच्या तीन आत घ्या, आणि पायऱ्या त्या सरळ बाजूला. गवंडी कुरकुर करेल, करू दे.

खाली पाय कुठे पडणार? पायऱ्या तळाच्या नालीच्या वर येऊ देऊ नका, बेंचिंगचा (नालीच्या बाजूचा काँक्रीटचा उतरता तळ) जो रुंद भाग असतो त्याच्यावर आणा. येणाऱ्या पाईपच्या तोंडावर तर अजिबात नको.

रस्त्यातलं चेंबर असेल तर माणूस ज्या भिंतीकडे तोंड करून चढतो, बाहेर डोकं काढल्यावर त्याला तीच दिशा दिसते. मग गाड्या ज्या बाजूने येतात त्या बाजूच्या भिंतीला पायऱ्या घ्या, म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकासारख्या गर्दीच्या ठिकाणी डोकं बाहेर काढताना येणारी गाडी पाठीमागून येणार नाही. अर्थात बॅरिकेड लागतातच, ते वेगळं.

> तपासणी: तोंडाच्या कडेवरून ओळंबा सोडा. दोरी भिंतीला चिकटून खाली गेली पाहिजे. दोरी आणि भिंतीत वीत-दीड वीत अंतर दिसलं तर स्लॅब ओतण्याआधीच थांबा.

टप्पा ३: पायरी किती बाहेर, किती रुंद

आपल्या कोडमध्ये (मॅनहोलचं भारतीय मानक) पायरी तयार भिंतीपासून कमीत कमी १०० मिमी बाहेर हवी असं आहे. लोक "कमीत कमी" हे दोन शब्द विसरतात आणि १०० लाच मोजमाप मानतात. १०० मध्ये गमबुटाचा फक्त चवडा मावतो, टाच हवेत राहते, सगळं वजन पोटरीवर येतं आणि तीन-चार पायऱ्यांत पोटऱ्या थरथरायला लागतात. १५० ठेवलं तर पावलाचा मधला भाग पायरीवर बसतो आणि शरीराचा भारही पायरीच्या पाच सेंटीमीटर जवळ येतो.

पाच सेंटीमीटरने काय होतंय, असं मला एका साहेबांनी विचारलं होतं म्हणून हिशोब देतो. माणूस ७० किलो, सामान १० किलो, एकूण ८०. शरीराचा भार पायरीपासून ३५ सेंटीमीटर मागे आणि हात पायांपासून १५० सेंटीमीटर वर धरलेत असं धरा. पडू नये म्हणून हातांना लागणारी ओढ ८० गुणिले ३५ भागिले १५०, म्हणजे साधारण १८.७ किलो. तोच भार ३० सेंटीमीटरवर आला की १६ किलो. आणि वर सांगितलेल्या झुकलेल्या भिंतीत ४० च्या पुढे गेला की २१ च्या वर. ही ओढ प्रत्येक पायरीला आणि बऱ्याचदा एकाच हाताने, कारण दुसरा हात वरची पायरी शोधत असतो.

रुंदी: एकाच ओळीत पायऱ्या असतील तर आतली मोकळी रुंदी ३०० मिमी तरी ठेवा म्हणजे दोन्ही बूट शेजारी शेजारी मावतात आणि मधे उभं राहून दम खाता येतो. डावी-उजवी अशी आलटून पालटून लावायची पद्धतही कोडमध्ये आहे, दोन ओळी ३०० मिमी अंतरावर आणि उंचीही ३०० ने. मला ती खोल चेंबरला आवडत नाही, एकाच पायाची पुढची पायरी ६०० वर येते आणि दोन्ही पाय एका लेव्हलला कधीच येत नाहीत, मग थांबणार कसं.

पायरीच्या दोन्ही टोकांना कान म्हणजे उंचवटे हवेत, नाहीतर ओला बूट बाजूला घसरतो. वरचा भाग खडबडीत पाहिजे. आणि मागची मोकळी जागा तयार प्लास्टरपासून मोजायची, विटेपासून नाही. हे परत परत चुकतं, विटेपासून १५० मोजून पायरी बसवतात, मग २० मिमी प्लास्टर चढतं आणि राहतात १३०.

> सावधान: तोंड ६०० चं असेल तर १५० ची पायरी त्यातले १५० खाते, ४५० उरतात. साध्या माणसाला पुरतं पण पाठीवर श्वासाचा सिलेंडर असेल तर पुरत नाही. अशा ठिकाणी तोंडच मोठं, ७५० चं घ्या. पायरी आखूड करून जागा काढू नका.

टप्पा ४: माल कुठला

यावर फार लिहित नाही. बिडाच्या पायऱ्या (आयएस ५४५५) चालतात, जड असतात, टिकतात. सळईवर प्लास्टिक चढवलेल्या केशरी-पिवळ्या मिळतात त्या मला सगळ्यात सोयीच्या वाटतात, अंधारात दिसतात, गंजत नाहीत, फक्त प्लास्टिक सोललेला नग परत करा कारण तिथूनच पाणी आत जातं.

साईटवर उरलेली १६ मिमीची टॉर सळई वाकवून केलेली कडी मात्र नको. गोल, निसरडी, आणि गंजते नेमकी भिंतीच्या तोंडाशी, जिथे दिसत नाही. मागे सातपूरच्या बाजूला एक जुनं चेंबर उघडलं होतं, पायरी वरून लाल पण जाडजूड दिसत होती. पहारीने सहज टोचली तर तिचे पोपडे पापडासारखे सुटले आणि भिंतीशी आत जी सळई निघाली ती पेन्सिलीपेक्षा बारीक होती. गटारातल्या सल्फाइडच्या गॅसपासून ओलसर भिंतीवर जिवाणू गंधकाचं आम्ल बनवतात, ते सिमेंट आणि लोखंड दोन्ही खातं. वरून रंग मारून उपयोग होत नाही.

टप्पा ५: आखणी, वरून खाली

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून सावकाश वाचा.

नियम तीनच. सगळ्यात वरची पायरी झाकणापासून ४५० मिमी खाली. सगळ्यात खालची बेंचिंगपासून ३०० मिमीपेक्षा जास्त वर नको. मधली अंतरं सगळी सारखी. पाय आणि हात दोन्ही दुसऱ्या-तिसऱ्या पायरीपासून पाठ झालेले असतात, माणूस खाली बघत नाही, आणि तिथे एखादी पायरी ४० मिमी वर-खाली निघाली की पाय हवेत जातो. २५० असो की ३००, त्यापेक्षा सगळी सारखी असणं महत्त्वाचं.

किती ठेवायचं? कोड ३०० म्हणतो. मी २५०-२७५ ठेवतो, गमबूट आणि सामान घेऊन चढताना गुडघा कमी वाकवावा लागतो. विटांच्या कामात तर हे आपोआप जुळतं, ७५ ची वीट आणि १० चा जोड म्हणजे ८५ चा थर, तीन थरांना २५५. गवंड्याला मिलीमीटर सांगू नका, "दर तिसऱ्या थराला एक" एवढंच सांगा, तो आयुष्यात विसरणार नाही.

उदाहरण घेऊ, झाकणापासून बेंचिंगपर्यंत २४०० मिमी. वरून ४५० वर पहिली पायरी. उरले १९५०. २५५ ने सहा अंतरं घेतली तर १५३० झाले, तळाशी ४२० उरतात, म्हणजे ३०० च्या वर, चालणार नाही. सात घेतली तर १७८५, तळाशी १६५. हे बरोबर. म्हणजे आठ पायऱ्या, सात अंतरं, आणि जे काय वेडंवाकडं उरतं ते सगळं तळाशी गेलं, जिथे माणूस जमिनीवरून पहिलं पाऊल टाकतो आणि नीट बघून टाकतो. खालून मोजलं असतं तर हेच उरलेलं अंतर वर गेलं असतं, माझ्यासारखं.

आरसीसी भिंत असेल तर थरांचं बंधन नाही, १९५० मधून तळाचे ३०० वजा करा, उरलेल्या १६५० चे सहा सारखे भाग, २७५ एक. सात पायऱ्या.

आता बांधकाम तर खालूनच वर जातं, मग वरून मोजायचं कसं? यासाठी गेजपट्टी बनवा. दोन इंची सरळ लाकडी पट्टी घ्या, चेंबरच्या पूर्ण उंचीची, वरच्या टोकाला झाकणाची लेव्हल लिहा, तिथून खाली ४५० वर पहिला खिळा, मग दर २५५ वर एकेक खिळा. ही पट्टी कोपऱ्यात ओळंब्यात उभी करून बांधून टाका, झाकणाची खूण दोरी आणि लेव्हल ट्यूबने रस्त्याच्या तयार लेव्हलशी जुळवा. बेंचिंगची तयार लेव्हलही पट्टीवर मारा, कारण बेंचिंग नंतर होतं आणि त्याची जाडी हमखास विसरली जाते. मग मिस्त्री खालून बांधत येऊ दे, खिळा दिसला की पायरी.

> तपासणी: रस्त्याची तयार लेव्हल पक्की आहे का विचारा. डांबराचा अजून एक थर येणार असेल आणि झाकण नंतर उचलणार असतील तर वरचं अंतर तेवढंच वाढतं. तो थर आत्ताच हिशोबात धरा.

टप्पा ६: पायरी भिंतीत पकडवणं

विटांच्या भिंतीत नुसते पाय खोचून माल भरला तर पायरी विटेच्या जोडावर राहते आणि काही वर्षांत हलायला लागते. त्यापेक्षा आधी जमिनीवरच ठोकळे ओतून घ्या.

१. ४७० बाय २३० बाय १६० चा लाकडी साचा करा, म्हणजे लांबीला दोन विटा आणि उंचीला दोन थर.

२. पायरीचे पाय त्यात १५० तरी आत जातील असे धरून एम२० ग्रेडचं काँक्रीट ओता, सळईने नीट कोचा. ओतताना पायरी वाकडी होते म्हणून वर आडवी पट्टी ठोकून धरा.

३. सात दिवस पाणी मारा. काळ्या पाषाणाची खडी बारीक वापरा, मोठी पायांच्या मधे अडकते आणि खाली पोकळ राहतं.

४. भिंतीत विटेसारखा ठोकळा बसवा. चाळीस-एक किलोचा होतो, दोघांनी उचलायचा, पायरीला धरून उचलायचा नाही.

जुन्या भिंतीत किंवा आरसीसीत नंतर बसवायची असेल तर भोक पाडून केमिकल अँकर (भोकात भरायचं चिकटवणारं केमिकल). भोकाचा व्यास आणि खोली पायरीच्या आणि केमिकलच्या पत्रकात जे असेल तेच, अंदाज नाही. आणि भोक साफ करणं हेच खरं काम, फुंकणी, ब्रश, परत फुंकणी, परत ब्रश, परत फुंकणी. धूळ राहिली तर केमिकल भिंतीला नाही, धुळीला चिकटतं. डिसेंबर-जानेवारीत निफाड बाजूला पारा किती खाली जातो माहितीये, त्या थंडीत केमिकल सुकायला कितीतरी जास्त वेळ घेतं. पत्रकात तापमानाप्रमाणे तक्ता असतो, तो बघा आणि तोपर्यंत पायरीला हात लावू नका.

भिंतच भुसभुशीत असेल, विटा बोटाने खरवडल्या जात असतील, तर अँकरचा नाद सोडा. सुटी शिडी.

> सावधान: प्लास्टर झाल्यावर पायरीवर पडलेला माल ओला असतानाच पुसा. सुकलेला गोळा बुटाखाली खड्यासारखा लागतो आणि एक दिवस तो सुटतो, पायासकट.

टप्पा ७: वरचे शेवटचे दोन फूट

पायऱ्या संपतात आणि जमीन सुरू होते त्या मधल्या जागेत धरायला काय आहे? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. माणूस झाकणाच्या फ्रेमला बोटं अडकवतो, जी चिखलाने माखलेली असते.

मी जे करतो ते स्वस्त आहे आणि कुठल्याही फॅब्रिकेटरकडे होतं. ५० मिमीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, साधारण ४५० लांब, वरच्या पायरीच्या शेजारी भिंतीत उभा पकडवायचा, त्याचं तोंड झाकणाच्या खाली १०० मिमीवर. त्यात ४० मिमीचा जीआय पाईप सहज सरकतो, तो १५५० लांब घ्या म्हणजे जमिनीच्या वर बरोबर एक मीटर उभा राहतो. वर आडवी मूठ वेल्ड करा. बाहेरच्या पाईपला खाली आडवा बोल्ट टाका म्हणजे दांडा त्यावर टेकतो, तळ मात्र उघडा ठेवा नाहीतर पाणी आणि गाळ साठून दांडा बसत नाही. वर एक पिन, दांडा फिरू नये म्हणून. काम नसताना दांडा काढून स्टोअरमध्ये, पाईपच्या तोंडाला टोपण.

उतरणारा माणूस आधी दांडा बसवतो, हलवून बघतो, मग तो धरून पाठमोरा उतरतो. वर येताना शेवटच्या तीन पायऱ्यांना हात दांड्यावरच असतो, छाती, कंबर, गुडघा सरळ वर येतो आणि माणूस चालत बाहेर पडतो. पोटावर सरपटत बाहेर यायची गरज उरत नाही. पाथर्डी फाट्याच्या त्या टाकीतही नंतर वरची एक पायरी वाढवली आणि हा दांडा बसवून दिला, तिथले वॉचमनकाका साठीच्या पुढचे आहेत, वर येऊन म्हणाले, "साहेब, हे आधीच का नाय केलं?" काय बोलणार.

एक लक्षात ठेवा, दांडा आणि पायऱ्या म्हणजे पडण्यापासून बचाव नाही. हार्नेस, वर ट्रायपॉड, वर माणूस, हे लागतंच. म्हणून दांडा एका बाजूला घ्या, मधोमध घेतला तर ट्रायपॉडची दोरी त्यालाच घासते.

टप्पा ८: ताबा देण्याआधी

नुसतं बघून सही करू नका. आधी प्रत्येक पायरी छोट्या हातोडीने वाजवा, घट्ट बसलेली टणक वाजते, पोकळ असेल तर आवाज बद्द येतो. मग वजन. अमेरिकेत अशा पायऱ्यांच्या चाचणीला खाली ८०० पौंड म्हणजे जवळपास ३६३ किलो आणि बाहेर ओढायला ४०० पौंड, १८१ किलो असे आकडे वापरतात. साईटवर ते सगळं जमत नाही, मी निदान दीडशे किलो वाळूच्या गोण्या दोरीने प्रत्येक पायरीला टांगतो, वरून, आत माणूस नसताना, आणि पाच मिनिटं ठेवतो. नंतर पायरी आणि भिंतीच्या सांध्यात केसाएवढी चीर दिसली तरी ती पायरी बाद.

त्यानंतर चढून बघायचं, आणि ज्याने डिझाईन केलं त्यानेच. गॅस तपासून, हार्नेस घालून, ओले गमबूट, हेल्मेट, खांद्याला हत्यारांची पिशवी. लागोपाठ तीनदा खाली-वर. पहिल्यांदा सगळं ठीक वाटतं, तिसऱ्या वेळेला कळतं पोटरी कुठे धरते, डोकं कुठे आपटतं, कुठली पायरी शोधावी लागते. जिथे हात चाचपडला तिथे खडूने खूण करा आणि तेवढं दुरुस्त करा. नवीन माप पहिल्यांदाच वापरणार असाल तर हे खड्ड्यात करण्याआधी एखाद्या जुन्या भिंतीवर चार पायऱ्या बसवून करा, जमिनीपासून तीन फुटांवरून पडलात तर हसून उठाल.

पावसाळ्यानंतर दरवर्षी झाकण उघडून वरूनच टॉर्च मारा आणि लांब पहारीने पायऱ्या टोचा, खास करून भिंतीच्या तोंडाशी. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि सुकली की आकसते त्यामुळे ठोकळ्याभोवती चीर आली का तेही दिसेल. एक जरी पायरी गेलेली असेल तर मधली एक सोडून चढू असं करू नका, दुरुस्त होईपर्यंत सुटी शिडी.

आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा: पायऱ्या ८, अंतर २५५, तळ २४००, दांडा स्टोअरमध्ये.